दूध घातलेला टायर

घाटकोपरला आमचं सायकलचं दुकान होतं. नवऱ्याच्या बरोबरीने मी तिथे तीस वर्षं पंक्चर काढली. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा कुठून येणार हे मला आधीच कळायचं. आता दुकान नाही, नवराही नाही. मी मुलुंडला मुलीकडे राहते. तिने घाटातून चालवायची जाड टायरची सायकल आणली आणि सांगितलं, हिला ट्यूबच नाही.

"मग हवा कशात राहते?"

"टायरमध्येच. आत पांढरं दूध घालतात. भोक पडलं की ते तिथे जाऊन थिजतं."

"हे तुला कोणी सांगितलं? विकणाऱ्यानेच ना?"

ती हसली. पण ते दूध माझ्या डोक्यातून जाईना. थिजतं, तर आतल्या आत सगळंच का थिजत नाही?

मुलगी सेहेचाळीस वर्षांची. कसाऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं तिने ठरवलं होतं. दोनदा निघाली, दोन्ही वेळा पंक्चर होऊन टेम्पोतून घरी आली. आता रविवारी तिसरी खेप. "या वेळी टेम्पोत बसले तर सायकल विकून टाकीन," म्हणाली. जावई म्हणाला, "टेम्पोवाल्याला आत्ताच सांगून ठेवू का?" त्यावर कोणी हसलं नाही.

शनिवारी दुपारी ती झोपली होती. मी सायकल बघत बसले. मागच्या टायरमध्ये काटा दिसला, बहुतेक आरेच्या जंगलातला, तिथे ती सरावाला जाते. आमच्या धंद्यात काटा दिसला की आधी उपटायचा, बाकी सगळं नंतर. हात आपोआप गेला.

सूं करून हवा सुटली. मी दुधाची वाट बघत बसले. दूध आलंच नाही.

मुलगी उठून आली. "आई, काय केलंस? उद्या जायचंय मला."

"दूध कुठाय तुझं?"

चाक काढून कानाशी हलवलं. आत काही डचमळेना. टायर रिमवरून सोडवला, तर आत रबराच्या सुकलेल्या गोळ्या आणि साय. दूध गेल्या दिवाळीत, दुसऱ्या पंक्चरनंतर घातलेलं, नंतर तिने बघितलंच नव्हतं. मुंबईच्या उन्हात ते सुकणारच. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, सगळंच थिजतं.

"काटा होता म्हणून हवा टिकली होती," मी म्हटलं. "कसाऱ्याला पडला असता तर?"

मी उपटायला नको होता, हेही खरं. विचारून उपटायचा होता.

तिच्याकडे दुधाची नवी बाटली होती, पण पंपाने टायर रिमला चिकटेना. इकडून हवा भरावी, तर तिकडून जाई. मग अडीअडचणीला घेऊन ठेवलेली तिची जादा ट्यूब मी आत घालून टायर फुगवला. दोन्ही कडा टक टक करत रिममध्ये बसल्या. एक कड सोडवून ट्यूब ओढून काढली, दूध घातलं, सोडवलेल्या कडेला साबणाचं पाणी लावलं आणि तिला म्हटलं, "आता जोरात मार, थांबू नकोस." तिसऱ्या खेपेला कड बसली. काट्याच्या भोकातून पांढरा थेंब आला, फुगला आणि थांबला. मी चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग पुढच्या चाकातही तसंच नवं दूध घातलं.

रविवारी सकाळी दहाला फोन आला. ती शहापूरच्या पुढे होती.

"आई, पुढच्या चाकात काटा घुसलाय. मोठा आहे. काढू का?"

"आता विचारतेस?"

"आई."

"आधी चाक फिरवून काटा खाली घे, म्हणजे दूध तिथे जमेल. मग काढ. काढल्यावर चाक तसंच ठेव. थांबलं नाही तर तुझ्याकडची ती रबराची चिकट वात भोकात खुपस."

फोन चालूच होता. ट्रक जात होते. जावई माझ्याकडे बघत होता, पण टेम्पोचं नाव त्याने काढलं नाही.

"काढला," ती म्हणाली. "फसफसतंय."

"दूध येतंय का?"

"येतंय. थांबलं बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय? थुंकी लावून बघ. बुडबुडा येतो का?"

तिकडून थुंकल्याचा आवाज आला.

"नाही येत. ठेवते, कसारा लांब आहे अजून."

"थांब. दूध थिजायला किती वेळ लागला ते बघून ठेव," मी म्हटलं. पण तिने फोन ठेवला होता.