पाय बांधून नाव चालवणारे मामा

जनवाड्याच्या पुढे, मांजरेच्या काठी माझे मामा माणसं पलीकडे न्यायचे. नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते आधी एक गोष्ट सांगत. "मी एकदा वाऱ्यात ही नाव, नावेतली माणसं अन् सवताची बायको सोडून उडी टाकलेला माणूस हाय. चालत असंल तर बसा." यात विनोद नसे, रडगाणंही नसे. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगत आणि वल्हं उचलत.

एकदा बीदरहून कचेरीतले एक पेशकार आले. हे ऐकून ते एक पाय नावेत, एक काठावर, असे थबकले. "अरे मियाँ, ये बात पहले कायकू बोलते?" मामा म्हणाले, "हुजूर, बीच में जाके बोलूँ तो आप उतरेंगे कैसा?" पेशकारांनी छत्री उघडली आणि नदी पायी ओलांडता येते त्या लांबच्या उताराकडे चालू लागले. मामी काठावरून ओरडली, "आलेली माणसं कामून पळवायलाव?" मामा म्हणाले, "पळू दे. त्यांना पळायला जमीन तरी हाय."

हेच मामा पूर्वी फार बढाईखोर होते. तरुणपणी मेंढरं भावांवर टाकून मुंबईला गेले, गलबतावर खलाशी झाले आणि परतले ते डोक्यात शीड घेऊनच. आमच्याकडे तोवर नाव बांबूने रेटत. मामांनी तिच्यावर डोलकाठी उभी केली, जाड कापडाचं शीड चढवलं. "वारा म्हंजे माझा घरचा बैल," म्हणायचे. लोक त्यांना शिडवाले म्हणू लागले, आणि ते चालतही तसेच, छाती काढून.

तो दिवस पंचमीच्या आदल्या आठवड्यातला. मला सासरहून माहेरी न्यायला मामी पलीकडे आली होती. नावेत आम्ही दोघी, गवताचा भारा आणि विळा घेतलेली एक बाई आणि एक म्हातारे कानडी दुकानदार. सगळे त्यांना अप्पा म्हणत. नदी दोन्ही काठ सोडून ज्वारीत शिरलेली. मध्यावर आलो आणि पश्चिमेकडून वारा सुटला. मामांनी शीड उतरवायला घेतलं, तर पावसाने फुगलेला दोर वरच्या कप्पीत रुतून बसलेला. ओढून ओढून त्यांचे तळहात सोलले. शीड तट्ट फुगलं, नाव एका अंगावर कलली, पाणी आत आलं. तेवढ्यात सुकाणूची खुंटी मोडली. नाव खालच्या खडकांकडे निघाली.

मामांनी एकदा शिडाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. आणि उडी टाकली.

अप्पा "शिवा, शिवा" करत खाली बसले. मामी मागच्या टोकाला होती. तिने तिथूनच वल्हं पाण्यात घालून सुकाणूसारखं दाबून धरलं. "पोरी, त्या बाईचा इळा घे! शिडाच्या खालच्या टोकाची दोरी काप!" मी कापली. शीड सुटून फडफडू लागलं, नाव सरळ झाली आणि मामीने ती ज्वारीच्या शेतात, बाभळीला नेऊन टेकवली. मामा तोवर पोहून काठाला लागले होते. आम्ही उतरलो तेव्हा ते आमच्याकडे पाठ करून चिखलात बसले होते. मामीने हाक मारली, पण ते वळले नाहीत.

पुढे बरेच दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. शेवटी मामीच म्हणाली, "लोकांना पल्याड जायाचंय. नाव काय बाभळीला बांधून पुजायची हाय का?" तेव्हा उठले, पण वेगळेच होऊन. रोज सकाळी करडईच्या तेलाने कप्पी माखायचे. शिडाची खालची दोरी पुन्हा कधी गाठ मारून बांधली नाही, हातातच धरली. आणि वारा वाढला, की आपला एक पाय दोराने डोलकाठीला बांधून घ्यायचे. मामी चिडायची. "नाव बुडाली तर?"

"तर संगं जाईन. डोकं माझं ऐकतंय, पायाचा भरवसा न्हाई."

पुढे एका पावसाळ्यात तसाच वारा पुन्हा आला. नावेत माणसं गच्च होती, अप्पाही होते. मामांनी हातातली दोरी सैल सोडली, शिडातला वारा काढला, शीड झरकन खाली घेतलं आणि नाव काठाला लावली. अप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "फिटलं रे, आता तरी सोड!" मामा वाकून पायाची गाठ सोडत होते. म्हणाले, "अप्पा, आज पाय बांधलेला व्हता." दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला पुन्हा तेच सांगितलं.

नबाबाचं राज्य जायच्या आधीच मामा तापाने गेले. मी मामीला भेटायला गेले. अंगणात बायका बसल्या होत्या. त्यातली एक मामीला म्हणाली, "तू तर वाघीण. त्या दिवशी तूच सगळ्यांना तारलंस." बायका गेल्यावर मी मामीजवळ बसले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मीबी उठले व्हते गं."

"कुठं?"

"उडी टाकायला. ह्यांच्या मागंच. नावेच्या खिळ्याला लुगडं अडकलं. वडून बघितलं, निघंना. मग हाताला वल्हं लागलं."

मी विचारलं, "मामांना सांगितलं न्हाईस?"

"सांगीन सांगीन म्हणत व्हते. लोकं वाघीण म्हणायलते, ते ग्वाड लागलं. रोज माझ्या समोर पाय बांधून घ्यायचे, अन् मी बघत उभी ऱ्हायचे." तिने जमिनीवर हात फिरवला, तिथे काहीच नव्हतं. "दोघं मिळून लाजलो असतो तर हलकं झालं असतं. त्यांना येकट्यालाच लाजू दिलं मी."