लिफ्टमधला अर्धा डाव

"सात मजले, आई! गुडघे आहेत की लोखंडी सळया?"

"माझे गुडघे, माझं मी बघेन. पोरगी लिफ्टला घाबरते, त्याला काय करणार?"

"पाळणाघरात घालणार. उद्यापासून. तळमजल्यावरच आहे. तुला चढायला नको, संध्याकाळी मी आणेन तिला वर."

काजआजीच्या हातातली सुई थबकली. शिंप्यांची काजं-बटणं करून तिने ही लेक एकटीने वाढवली. नवरा गेला त्या आठवड्यातही बँडवाल्यांचे कोट वेळेवर पोचले होते. 'ही बाई रडत नाही, टाका घालते,' असं शिंपी म्हणायचे. आता तिचा सगळा जीव होता तो नातीला शाळेतून आणण्यात आणि तिच्यासोबतच्या दुपारींत.

गेल्या आठवड्यात शाळेतून येताना दोघी लिफ्टमध्ये अडकल्या. दिवाही गेला. नात फतकल मारून बसली. "आजी, आता हे आपलं घर! स्वयंपाकघर कुठे करायचं?" आणि आजी? दार बडवून बडवून तिचे तळवे लाल झाले, मग ती ओक्साबोक्शी रडायलाच लागली. "मेलो गं आपण!" शेवटी नातीनेच आजीच्या पिशवीतून बटणांचा डबा काढला. "चाचपून ओळखायचं हं. दोन भोकांची तुझी, चार भोकांची माझी. चिटिंग नाही!" चाचपता चाचपता आजीचा श्वास ताळ्यावर आला. वॉचमनने दार उघडलं, तर नात त्याच्यावरच वैतागली, "काका, थांबा ना! डाव अर्धा राहिलाय!"

तेवढ्यात लेक धावत आली. तिने पोरीला पोटाशी धरलं. "घाबरलीस ना गं?"

आजी पटकन बोलून गेली, "घाबरली तर काय! मीच सावरलं तिला."

नातीने एकदा आजीकडे पाहिलं आणि मान डोलावली. झालं! तेव्हापासून रोज जिना.

"मला पाळणाघर नको," नात आता मुसमुसत म्हणाली.

"मग जाशील लिफ्टने?"

नातीने आजीकडे पाहिलं आणि ओठ गच्च मिटले.

"बघ, आई! नुसतं नाव काढलं तर वाचा बसली पोरीची. आता तूच सांग, काय करायचं?"

आजीने सुई कापडात खोचली. बटणांचा डबा उचलला, नातीचा हात धरला आणि ती दाराबाहेर पडली. जिना मागे टाकून ती लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. हातातला डबा मात्र खुळखुळत होता.