परकराच्या नाडीचे डॉलर

रायपुरात मराठी ही भाषा बोलायसाठी नसते, लपवायसाठी असते.

म्हणजे असं, की दुकानदाराने साडीचा भाव सांगितला की मी त्याच्याच तोंडासमोर आमच्या ह्यांना म्हणते, "लुटून राहिला हो हा! तुम्ही उठल्यासारखं करा, म्हणजे खाली येईल." दुकानदार बिचारा हसतमुखाने चहा मागवतो. लग्न झाल्यापासून आमचा संसार याच गुप्त भाषेवर चालला आहे. त्यात भोक एकच, आमचा पोट्टा निखिल. त्याला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत देतो आणि तेही ठणठणीत आवाजात. मी कुजबुजते, "अहो, शंभर कमी सांगा." की हा मागून, "मम्मी, सौ क्यों? दो सौ कम बोलो ना!"

तर अशा या कुटुंबाचं थायलंडला जायचं ठरलं. तिथली सोन्याची बुद्धमूर्ती डोळ्यांनी पाहायची, हे माझं फार जुनं स्वप्न. तिकिटं निखिलने काढली, पण वरखर्च माझा! रायपूरला लागूनच असलेल्या आमच्या बीरगांवातल्या अर्ध्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून साठवलेले पैसे होते ते. एकेक रुपया पायडल मारून कमावलेला. म्हणून ते न्यायचे कसे, यावर घरात लोकसभाच भरली.

"मम्मी, फॉरेक्स कार्ड ले लो. पैसा अंदर, टेंशन बाहर."

"आणि कार्ड हरपलं तर?"

"ब्लॉक कर देंगे."

"मंग मी बी तिथं ब्लॉकच नं!"

हे म्हणाले, "अवं, अर्धे कार्डात टाक, अर्धे नगद ठेव."

"म्हणजे दोन्हीकडून हरपायची सोय! काहून पण?"

"मंग सगळे माझ्याजवळ दे."

ही सूचना मी आणि निखिलने एकमताने फेटाळली. (ह्यांची छत्री दर पावसाळ्यात नवी असते.)

शेवटी मी मशीनवर बसले आणि एक बटवा शिवला. आतून अस्तर, वरून झाकण, कडेने पिको (काही गरज नव्हती, पण हाताला सवय!) आणि लांबलचक नाडी. सगळे डॉलर बटव्यात, बटवा परकराच्या नाडीला बांधून आत कमरेला, वर साडी, साडीवर स्वेटर. आता चोर बटव्यापर्यंत पोचेस्तोवर थायलंडची ट्रिप संपून जाईल, असं मी जाहीर केलं.

मुंबईपर्यंत आम्ही रेल्वेने गेलो. हे रेल्वेत नोकरीला, त्यामुळे फुकटचा पास असताना विमानाचे पैसे देणं हा ह्यांना आपल्या नोकरीचा अपमान वाटतो. मी सगळ्या वाटेत बटव्यावर हात ठेवून बसले आणि मुंबई विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभी राहिले तेव्हा डोळे नुसते चुरचुरत होते. बायकांसाठी पडद्याआड तपासणी होती. तिथल्या वर्दीतल्या पोरीने माझ्या कमरेवरून यंत्र फिरवलं आणि नेमका बटव्यावर हात ठेवला.

"ये क्या है?"

आता आली पंचाईत! पण गुप्त भाषा कशाला असते? मी पडद्यातून मान बाहेर काढली आणि पुरुषांच्या रांगेतल्या ह्यांना हाक मारली.

"अहो! परकराच्या नाडीले बांधलेले सगळे डॉलर सापडले हो हिले! काय सांगू? पाठीचा पट्टा हाय म्हणून सांगून देऊ का? इले काय समजते!"

"सांगा की मावशी," ती पोरगी म्हणाली, "पण पट्टा पाठीला लावतात. मी साताऱ्याची आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपण मुंबईत आहोत! जिथे मराठी ऐकून मन भरून यायला पाहिजे, तिथे मला दरदरून घाम फुटला. पडद्याबाहेर आले तर अख्खी रांग माझ्या कमरेकडे बघत होती. एक काका म्हणाले, "वहिनी, नाडीला कशाला? कार्ड घ्यायचं ना!" मागच्या बाई म्हणाल्या, "छे हो, कार्डाला काय चाटायचंय? नगदच बरी, पण ब्लाउजमध्ये!" माझ्या पैशांवर परिसंवादच सुरू झाला.

बटवा ट्रेमध्ये ठेवून यंत्रातून पाठवावा लागला. मी ह्यांना दटावलं, "आता मराठी बंद!" रायपुरात सगळ्यांना हिंदी येते म्हणून आपण मराठीत लपवतो. इथे सगळ्यांना मराठी येते, म्हणजे इथली गुप्त भाषा हिंदी! (हे मला तेव्हा अगदी पटलं होतं.) म्हणून यंत्रापलीकडे पोचले तशी मी खणखणीत आवाजात विचारलं, "अजी सुनते हो? डॉलर का बटुआ किधर गया?"

आता मराठी न येणारे होते तेही वळले.

"चूप! आता कोणत्याच भाषेत बोलू नका!" मी ह्यांच्यावरच डाफरले आणि ट्रेकडे धावले. ट्रे रिकामा होता.

संपलं सगळं! इतक्या वर्षांचं पायडल! इतक्या साड्यांच्या कडा! ह्यांच्याकडे पाहिलं तर हे तोंड घट्ट मिटून, एक पाय वर करून, त्याच्याकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, पायात गोळा आला. "पाय मरू द्या! माझे पैसे गेले नं बाप्पा!" असं म्हणून मी तिथेच भोकाड पसरलं. ती साताऱ्याची पोरगी धावत आली, मघाचे काका बाकांखाली वाकले, ब्लाउजवाल्या बाईंनी माझी पाठ चोळायला घेतली. आणि हे आपले एका पायावर उभे, कारण मीच बोलायची बंदी केलेली!

तेवढ्यात आमचं भोक, म्हणजे निखिल, मदतीला धावलं.

"मम्मी! बटुआ पापा के मोज़े में है! पापा ने पहले ही उठा लिया था!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या पोट्ट्याचं हिंदी गोड लागलं.

पुढे थायलंडात ती मूर्ती पाहिली. भरल्या डोळ्यांनी वंदना म्हटली, आणि फुलं माझ्या पैशांची होती याचा आनंद वेगळाच होता.

पण तेव्हापासून पैशाची गोष्ट आम्ही कोणत्याही भाषेत बोलत नाही, फक्त खुणा करतो. परवा बीरगांवच्या बाजारात ह्यांनी पैसे काढावेत म्हणून मी कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं. भाजीवाली कळवळली, "कनिहा पिरावत हे का, दीदी?" कंबर दुखते का, असं ती विचारत होती. हे लगेच म्हणाले, "हव, लय!"

आता रोज एक ना एक शेजारीण गरम तेलाची वाटी घेऊन येते, आणि मी मुकाट्याने पालथी पडून कंबर चोळून घेते, कारण खरं काय ते सांगायला माझ्याकडे भाषाच उरली नाही!