अप्परबरोबर फॉग लाइट

हैदराबाद संस्थान भारतात विलीन करताना झाली नसेल एवढी चर्चा आमच्या घरात दादाच्या गाडीच्या दिव्यांवर झाली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झाला, पण स्टिअरिंगवरून उठायला तयार नव्हता. बरकतपुऱ्यात आमच्या गोतावळ्यातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की काचीगुडा स्टेशनवर सोडायचं असो, फोन दादाला. उभ्या आयुष्यात आपल्या गाडीला ओरखडा नाही, असं तो सांगायचा. आणि ते खरं होतं. घरात थापा मारायचं खातं माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.

मग त्याची कुरकूर सुरू झाली. आधी म्हणे महापालिकेने रस्त्यावरचे दिवे मंद केले. मग पुढची काच जुनी झाली. काच बदलली. मग बल्ब. ते असे बसवले की अंबरपेठेतले कोंबडे संध्याकाळीच आरवायला लागले, तरी दादाचं एकच, "रस्त्याची कड दिसत नाही." शेवटी त्याला शोध लागला की अप्पर मारला, म्हणजे लांबचा झोत सोडला, की खालचे फॉग लाइट आपोआप विझतात.

"कंपनीचा चावटपणा आहे हा," दादा म्हणाला. "दोन्ही एकदम लागले पाहिजेत. बिदरच्या रस्त्याला पहाटे धुकं असतं."

बिदरला वहिनींच्या भाच्याचा साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं अंबरपेठेतल्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे.

मिस्त्री बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "साब, कंपनीकाच हिसाब है ये. सामनेवाला अंधा नक्को होना बोलके."

"सामनेवाले का तुम कायकू सोचते?" दादा म्हणाला. "मेरा सोचो."

मिस्त्रीने फॉगची वायर डिपरवरून, म्हणजे जवळच्या झोतावरून काढली, पार्किंगच्या दिव्यावर जोडली, मध्ये रिले नावाची एक डबी बसवली. वर सांगितलं की आता ही गाडी चंद्रावरून दिसेल. मला तो माणूस आवडला. गाडी समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. दिवस मावळला होता. "मारो साब!" मिस्त्री ओरडला. दादाने अप्पर मारला. भिंतीच्या मधोमध झोत पडला आणि तिथं रंगवलेल्या शिकवणीच्या जाहिरातीतला पहिला आलेला पोरगा चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. पण खाली, जमिनीलगत, जिथं फॉगचा उजेड पसरायला हवा होता तिथं काळोख. फ्यूज उडाला होता.

दादाने खिडकीतून मान बाहेर काढली. "बघ! आता कसं! खालची सगळी कड दिसतेय. दगड न दगड मोजून घे."

मी हसलो. वाटलं, आपल्या थापांच्या धंद्यात भाऊही उतरला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो त्या काळोखाकडे मन लावून बघत होता, आणि खूश होता. मिस्त्रीने तोंड उघडलं, तसा मी त्याचा दंड दाबला. तो मुकाट्याने गेला, फ्यूज बदलला. आता खरंच दोन्ही दिवे लागले, भिंतीच्या पायथ्याशी पिवळा उजेड सांडला, तिथं झोपलेलं मांजर उठून पळालं. दादा तेवढाच खूश होता. जरासुद्धा जास्त नाही.

काचबिंदू हा शब्द आम्हाला नंतर कळला. गेलेली नजर परत येत नाही, हेही.

घरी आल्यावर मी वहिनींना गाठलं. त्या लाडवांचे डबे भरत होत्या.

"वहिनी, दादाला दिसत नाही."

"भावजी, मूसी नदीतून मगर निघाली आणि शेअर रिक्षात बसली, ते तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते वेगळं."

"आणि कुकटपल्लीच्या लिफ्टमध्ये अडकलात तेव्हा भुकेने चप्पल खाल्लीत?"

"वहिनी, शप्पथ—"

"शपथ मगरीच्या वेळीही घेतली होतीत. सरका, झाकणं कुठं ठेवलीत मी."

दादाला म्हटलं, उद्या मी चालवतो. तो हसला नाही. "आज गाडी तुझ्या हातात दिली," तो म्हणाला, "की उद्या मला कोपऱ्यावर दूध आणायलाही कुणी पाठवणार नाही." आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपला.

पहाटे मी पुढं बसलो. मागं वहिनी, त्यांच्या मांडीवर झोपलेली नात. संगारेड्डी मागं पडलं आणि धुकं आलं. दादाने सगळे दिवे लावले. अप्पर धुक्यावर आपटून आमच्याच तोंडावर परत येत होता. मी दादाचे डोळे झालो. "दादा, डावीकडे ट्रॅक्टर. डोंगराएवढा." "दिसतोय." "दादा, म्हशी. हजारभर." "दिसतायत रे." म्हशी चार होत्या, पण चार म्हटल्यावर तो ब्रेक लावेल याची मला खात्री नव्हती.

सायकलवरचा दूधवाला मात्र मलाच उशिरा दिसला. मी स्टिअरिंगला हात घातला. सायकल वाचली, कॅन आमच्या दाराला घासून खणखणत गेला, मागून तेलुगूतून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

"काय झालं हो?" वहिनी दचकून उठल्या.

"खड्डा," मी म्हणालो. दादा स्टिअरिंगवर ओणवा झाला.

जहीराबाद जवळ आलं तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. उसाच्या फडातलं पान न पान दिसत होतं. दादा तसाच स्टिअरिंगवर ओणवा, दिवे तसेच लावलेले, गाडी बैलगाडीच्या चालीने.

"आज धुकं हटतच नाही रे," तो म्हणाला.

मी आरशात पाहिलं. मागं वहिनी नातीच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पदर धरून बसल्या होत्या. तो हात तसाच थांबला. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या बाईने माझ्यावर पहिल्यांदाच विश्वास ठेवला, आणि तो ठेवला नसता तर बरं, असं मला वाटलं.

"फार दाट आहे, दादा," मी म्हणालो. "असलं धुकं जन्मात पाहिलं नाही."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "मलाही पुढचं काही दिसेना. तुम्ही दमलात. भावजींना बसू द्या थोडं."

दादाने गाडी थांबवली. अर्धी रस्त्यावरच. उतरला आणि बोनेटवर हात टेकत टेकत, गाडी सोडायची नाही अशा बेताने, माझ्या बाजूला आला. मध्येच वाकून त्याने खालच्या दिव्याची काच चाचपली. ती गरम होती.

"दोन्ही लागलेत ना रे?" त्याने विचारलं.

"लागलेत," मी म्हणालो. भर उन्हात ते लागलेलेच होते.