हळद-कुंकवाचं कार्ड

आमच्या घाटकोपरच्या चाळीत सहदेव परबांना सगळे थट्टेने 'लिनक्सवाले काका' म्हणतात. भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर या निवृत्त वायरमनने विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घातलं आणि दुसरा संसार थाटला, असं मी त्यांच्या तोंडावर सांगते. माणूस चिवट. दुरुस्तीत घाई केलेली त्यांना खपत नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडेच बसले होते, तेव्हा शेजारच्या विमलावहिनी मुलाला, निलेशला घेऊन आल्या. हातात मोबाइलचं मेमरी कार्ड. त्यांचे यजमान मार्तंडदादा वारल्यावर यंदा देवाला गाऱ्हाणं, म्हणजे घरासाठी मोठ्याने म्हणायचं मागणं, निलेशने घालायचं होतं आणि त्याला त्यातला एक शब्दही येत नव्हता. वडिलांशी भांडून तो चार वर्षं मालाडला राहिला होता. दादांचं शेवटचं गाऱ्हाणं तेवढ्या कार्डात होतं, दुसरीकडे कुठेच नाही. आणि मोबाइल ते कार्ड ओळखत नव्हता.

काकांनी ते यूएसबी रीडरमध्ये घालून जोडलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही.

"वाट लागली," निलेश म्हणाला.

"गप रे. आधी रीडर दिसता काय बघूया."

जोडलेल्या वस्तूंच्या यादीत रीडर होता. काकांनी स्वतःचं कार्ड घातलं, ते उघडलं. म्हणजे रीडर ठीक, दुखणं कार्डाचं. त्यांनी ते उलटं केलं. सोनेरी पट्ट्यांवर लाल थर होता.

"वयनी, ह्येका काय लावलात?"

"हळद-कुंकू. त्येंचो आवाज आसा त्यात. देवाऱ्यात ठेवलंय, रोज लावतंय."

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. काकांनी खोडरबराने हलकेच पट्ट्या पुसल्या. परत घातल्यावर कार्ड दिसलं. त्यांनी त्यातलं काही पुसलं जाऊ नये म्हणून ते फक्त वाचण्यापुरतं उघडलं, फाइल आधी कॉम्प्युटरवर उतरवली आणि मगच लावली.

दादांचा आवाज आला. निलेश वहीत भराभर उतरवू लागला.

"...माझो निलो रागावून गेलो हा, म्हाराजा. चूक माझी. पण ता त्येच्यासमोर बोलूक माका जमूक नाय. तेका सुखी ठेव."

निलेशचं पेन थांबलं. "आई, तू होतीस तिथे?"

"मी होतंय थंय. तुका फोनवर सांगूक गेलंय, तू फोन ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी त्याने गाऱ्हाणं वहीत बघून घातलं. शेवटचं मात्र वही मिटून म्हणाला, "चूक माझी पण होती, म्हाराजा. माझ्या बापाशीक सांग."