कलाबाईंची जन्मनोंद

कलाबाई मेहरूण भागातल्या माझ्या शेजारीण. चोपडा तालुक्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. तिकडे मूल लवकर पहिलीत बसावं म्हणून आईबाप वय वाढवून सांगत आणि मास्तर सरसकट एक जून लिहीत. खरी तारीख कलाबाईंच्या बाळंतपणांच्या वह्यांत. सोयरीक जुळवणारे तीच विचारायला येत.

धाकटा भाऊ गिरधर कॉम्प्युटर क्लास चालवायचा. आई गेल्यावर कलाबाईंनीच त्याला वाढवलं आणि त्यापायी स्वतःचं लग्न राहिलं. हे मी सांगते आहे, त्या कधी बोलल्या नाहीत. सत्त्याण्णव साली त्यानं त्यांना एक जुना कॉम्प्युटर दिला. दोन बोटांनी टाइप करत बाईंनी बावीसशे जन्म त्यात घातले. गिरधरनं पुस्तकाएवढा एक ड्राइव्हही बाहेरून जोडून दिला. मशीन सुरू केलं की त्यातल्या फायली आपोआप ड्राइव्हवर उतरत. "आता दोन जागी आहे आक्का, वाळवी लागलेल्या वह्या कशाला?" वह्या रद्दीत गेल्या.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत गिरधर नरडाण्याच्या आधारभाऊंना घेऊन आला. त्यांच्या मुलाला गिरधरची मुलगी विशाखा पसंत होती. विशाखा आत्याला आधीच सांगून गेली होती, "मला नर्सिंगला जायचंय. तू फक्त खरं साल सांग."

मी तिथेच होते.

"दाखल्यावर एक जून ऐंशी शे," आधारभाऊ त्यांच्या बोलीत म्हणाले. "एक जून तर मनी बी शे, आक्का! मना पोऱ्या सरकारी नोकरीमा, भानगड नको. तुम्ही सांगा."

"बारा मार्च ब्याऐंशी. सतरासुद्धा पुरी नाहीत. नाळ मी कापलीय."

"तोंडी नको आक्का," गिरधर म्हणाला. "यादी काढ ना."

कलाबाईंनी ती ऐटीत काढली. विशाखा गिरधर, बारा मार्च एकोणीसशे ऐंशी.

"थांबा, दुसरीकडे बघते." ड्राइव्हवरची फाइल उघडली. तिथेही ऐंशी.

"हल्ली होतं तिचं असं," गिरधर हळूच म्हणाला.

आधारभाऊ समजूतदारपणे हसले. "वय व्हयनं आक्का. चालतंच."

कलाबाई गिरधरकडे बघत राहिल्या. तो रुमालाची घडी घालत होता.

आदल्या रविवारी तो व्हायरस तपासायला येऊन गेला होता. मशीनमधलं विशाखाचं साल बदललं, बस. सोमवारी बाईंनी नेहमीसारखं बटण दाबलं आणि ड्राइव्हनं खरं साल पुसून खोटं ठेवलं. तो आरसाच, इकडे जे, तेच तिकडे. बाईंनी आठवडाभर आळस करून मशीन बंद ठेवलं असतं, तर दुसऱ्या जागी ब्याऐंशी राहिलं असतं. पण आळस त्यांच्या रक्तात नाही, आणि गिरधरला ते पक्कं ठाऊक होतं.

मी चिडून म्हटलं, "चला, पोलिसांत जाऊ."

"काय दाखवू तिथे? माझंच मशीन मला खोटं पाडतंय."

एप्रिलमध्ये लग्न झालं. बाई गेल्या नाहीत. सासरी निघण्याआधी विशाखा पाया पडायला आली, पण पडली नाही, नुसती उभी राहिली. "तूसुद्धा ऐंशीच दाखवलंस, आत्या?" बाईंनी खूप सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

जूनमध्ये चोपड्याची बेबाबाई नातीची तारीख विचारायला आली. कलाबाईंनी तिला उंबऱ्यातच उभं केलं.

"गिरधरला विचार. फक्त कोणतं साल हवं, ते ठरवून जा."