भिंतीतली साहेबीण

"हे बघ दादा, टायर माझं, कोंबडी माझी, अंडी कोंबडीची. यात तुझं काय आहे तेवढं सांग."

"भिंत," झेंडेवाला म्हणाला. "भिंत आमची आहे, मावशी."

मावशी म्हणजे पंक्चरवाली. चौकाच्या वळणावर पाण्याची घमेली, पाने आणि ठिगळांचा डबा मांडून ती अर्धं आयुष्य उकिडवी बसलेली. धंदा मुळात नवऱ्याचा. पण तो हवा चाकात कमी आणि बोलण्यात जास्त भरायचा, म्हणून तिने पंप हातात घेतला आणि त्याला खुर्ची दिली. तेव्हापासून तो खुर्चीत आहे.

त्या दिवशी शहराच्या रस्त्यांवरून मोटारींची शर्यत होती. वळणावर गाडी घसरलीच तर अलगद थांबावी म्हणून जुन्या टायरांची भिंत रचायची होती, आणि शर्यतीच्या माणसांना टायर कमी पडले. आदल्या दुपारी मावशी दाढ दाखवायला दवाखान्यात गेली, ती तिथूनच घरी. नवरा खुर्चीतूनच म्हणाला, "न्या की सगळे! तेवढीच अडगळ जाईल." फुटपाथच्या कडेला ट्रकचं एक टायर पडलं होतं, ते नेमकं भिंतीच्या रांगेत आलं. माणसांनी ते हलवलंही नाही. आत कोण आहे हे न बघता त्यावर टायर चढवले, पट्टे आवळले, मागून लोखंडी जाळी मारली.

आत गवतावर साहेबीण अंडी उबवत खुडूक बसली होती.

साहेबीण ही मावशीची तांबडी कोंबडी. मान अशी ताठ, की सगळ्या रस्त्याचं भाडं हिलाच येतंय. पण नशीब फुटकं. पहिली अंडी मांजराने नेली. दुसऱ्या खेपेची नवऱ्याने तव्यावर फोडली आणि वर "मला काय माहीत" म्हणाला. यंदा त्याने निकालच देऊन टाकला होता, "या खेपेला पिल्लं निघाली नाहीत, तर साहेबीण पातेल्यात." आणि पिल्लं आज-उद्यावर आली होती. सकाळी मावशीने अंड्याला कान लावायला म्हणून धाव घेतली, तर समोर भिंत आणि भिंतीच्या पोटातून गुरगुर.

झेंडेवाला भला माणूस होता. नारिंगी कपडे, पोट पुढे, हातात गाड्यांना दाखवायच्या झेंड्यांची जुडी. जाळीला कान लावून त्याने गुरगुर ऐकली आणि वायरलेसवर वरच्यांना विचारलं. वरून प्रश्न आला, कोंबडी रस्त्यावर आहे का? नाही. भिंतीच्या बाहेर आहे का? नाही.

"मग ते म्हणतात, ती भिंतच आहे," त्याने पडल्या चेहऱ्याने सांगितलं.

"अंडी देणारी भिंत बघितलीस कधी?"

"मावशी, शर्यत संपेपर्यंत भिंत उघडता येत नाही. गाडी येऊन धडकली, तरच उघडून तपासतात."

मावशीने मनात हिशेब केला. गाडी धडकली तर भिंत उघडणार, पण मग अंड्यांचा चेंदामेंदा. नाही धडकली तर साहेबीण आणखी दिवसभर पाण्यावाचून कोंडलेली, आणि तहानेने उठली तर अंडी गार. म्हणजे आता नवस बोलायचा तरी कसला?

तेवढ्यात गाड्या आल्या. जमिनीला पोट लावून पळणाऱ्या, पाठीवर फळी ठोकलेल्या. घमेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. दर गाडीला मावशी जाळी धरून ओरडायची, "हळू रे मेल्या! पोटुशी बाई आहे आत!" शेजारी झेंडेवाला म्हणायचा, "मावशी, ती बसलेली आहे, पोटुशी नाही." आणि मागून, कानात कापूस घातलेला नवरा, "पातेलं घासून ठेवू का गं?"

दुपार कलली तेव्हा एक हिरवी गाडी लंगडत आली. मागचं चाक पार बसलेलं. चालवणाऱ्याने ती कडेला घेतली आणि थांबता थांबता तिचं नाक भिंतीला टेकलं. म्हशीने खांबाला अंग घासावं, तेवढंच. वरचं टायरसुद्धा हललं नाही.

झेंडेवाल्याने मावशीकडे बघितलं. मावशीने झेंडेवाल्याकडे. मग तो वायरलेसवर असा गरजला, की नवऱ्याच्या कानातला कापूस पडला. "वळणावर धडक! भिंत तपासावी लागेल!"

"किती जोराची?"

"लागलीय, साहेब!"

नियम तो नियम. बाकीच्या गाड्यांपुढे एक सावकाश चालणारी गाडी घातली आणि चार माणसं पट्टे सोडायला आली. वरचे टायर उतरले. साहेबीण पिसं फुलवून बसलेली. त्यांच्याबरोबर आलेल्या शर्यतीच्या मोठ्या साहेबाने हात घातला, तर तिने हातमोज्यातून बोट फोडलं. तेवढ्यात तिच्या पंखाखाली बारीकसं चिवचिवलं.

"उचला हिला," साहेब बोट चोखत म्हणाला.

"हात तर लाव!" मावशी जाळीवर चढायचीच बाकी होती. "पिल्लं फुटतायत. आत्ता उठवलीस तर राहिलेली गार पडतील. झाका परत!"

"सकाळपासून तुम्हीच उघडा म्हणत होता ना?"

"आता झाका म्हणतेय."

"झाकता येत नाही बाई. आत कोंबडी आहे."

"सकाळी तर भिंत होती!"

"सकाळी दिसली नव्हती."

वर बरीच खलबतं झाली. उघड्या भिंतीत जीव असताना वेगाने पळता येणार नाही, असं ठरलं. मग शर्यतीचा शेवट वरातीच्या चालीने झाला. एकेक गाडी वळणावर येई, चालवणारा मान काढून टायरात बघे आणि पुढे जाई. जो पुढे होता तोच जिंकला.

हिरव्या गाडीवाला मावशीच्या उलट्या बादलीवर बसून पाणी पीत होता. "मावशी, हे पंक्चर निघेल का?"

"ट्यूबच नाही रे यात. ठिगळ काय हवेला लावू?"

नवरा खुर्चीतून उठला. हेही त्या दिवशीचं एक नवलच. त्याने आत वाकून बघितलं. ओली, काटकुळी पिल्लं आईच्या पोटाखालून डोकी काढत होती.

"मग... पातेल्याचं काय?" तो चाचरत म्हणाला.

"पाणी भर आणि आण. कालपासून तहानलीय ती."

तो गेला, भरून आणलं, आणि साहेबिणीपुढे स्वतः धरून बसला.

जाळ्या निघाल्या, रस्ता खुला झाला. पहिला आला तो सायकलवाला, चाक उचलून धरलेला. मावशीने ट्यूब ओढून काढली, हवा भरली, घमेल्यात बुडवली आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसली.